काळ्याकडून जिंकायचं असेल तर: लास्कर बचाव आणि आनंदचा ए८ वरचा उंट

प्रश्न थोडक्यात असा आहे. बुद्धिबळातलं रेटिंग पंधराशेच्या आसपास, पांढऱ्याकडून खेळ बरा होतो, पण काळी मोहरी आली आणि समोरून डी४ (वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे) पडलं की दडपण येतं. क्लबातले जुने लोक सांगतात, "भक्कम खेळ, मारामारी कर, अर्धा गुण घेऊन ये." आणि तुम्ही विचारताय की भक्कम बचाव घेऊन काळ्याला जिंकताही येतं का, का तो फक्त हार टाळायचा मार्ग आहे?

जिंकता येतं. पण "मारामारी कर", म्हणजे मोहऱ्यांची अदलाबदल कर, हा सल्ला अर्धाच आहे, आणि हा अर्धा सल्ला मुलांचे किती डाव खातो ते मी गेली पंचवीस वर्षं बघतोय. कोणती मोहरी मारायची, कधी मारायची आणि मारून झाल्यावर उरलेल्या मोहऱ्यांचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून एकच डाव घेतो आणि त्यातच राहतो. ११ मे २०१०, सोफिया. विश्वविजेतेपदाच्या सामन्याचा बारावा आणि शेवटचा डाव. पांढऱ्याकडून व्हेसेलिन टोपालोव, काळ्याकडून विश्वनाथन आनंद.

आधी परिस्थिती सांगतो, कारण ती न कळता या डावातल्या खेळी कळत नाहीत. सामना टोपालोवच्या देशात, बल्गेरियात. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातली विमानं बंद पडली होती, त्यामुळे आनंद फ्रँकफर्टहून गाडीने जवळपास चाळीस तास प्रवास करून सोफियाला पोचला. त्याने तीन दिवस मागितले, मिळाला एक. पहिला डाव तो ग्रुनफेल्ड बचावात हरला. मग दुसरा आणि चौथा जिंकला, आठवा पुन्हा हरला. अकरा डावांनंतर साडेपाच-साडेपाच. बारावा बरोबरीत सुटला असता तर जलद डावांचा टाय-ब्रेक होता, आणि तिथे आनंदचं पारडं जड हे सगळ्यांना माहीत होतं. २००३ साली जागतिक जलद स्पर्धा त्यानेच जिंकली होती. म्हणजे बरोबरी कुणाला चालणार होती आणि कुणाला नव्हती, हे पहिली खेळी होण्याआधीच ठरलेलं होतं. त्यात टोपालोवने सामन्याआधीच जाहीर केलं होतं की बरोबरीबद्दल तो आनंदशी बोलणार नाही.

आता ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात. या सामन्यात काळ्याकडून आनंदने दोनदा ग्रुनफेल्ड आणि तीनदा स्लाव्ह खेळला होता. दोन्हींत एकेक डाव गेला होता. बाराव्यात त्याने तिसरंच काढलं, आणि तेही शंभर वर्षं जुनं.

खुणा एकदा सांगतो: व म्हणजे वजीर, ह हत्ती, उ उंट, घ घोडा, रा राजा, × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे कॅसलिंग, ! चांगली खेळी, ? चूक. मोहऱ्याचं अक्षर नसेल तर खेळी प्याद्याची. ह(एफ) म्हणजे एफ फाइलवरचा (उभ्या रांगेतला) हत्ती. आकड्यापुढे ... असेल तर खेळी काळ्याची. पट मांडून बसा, नुसतं वाचून यातलं काही हाती लागणार नाही.

१.डी४ डी५ २.सी४ ई६ ३.घ-एफ३ घ-एफ६ ४.घ-सी३ उ-ई७ ५.उ-जी५ एच६ ६.उ-एच४ ०-० ७.ई३ घ-ई४

हा लास्कर बचाव. इमॅन्युएल लास्करने १९०७ साली मार्शलविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात ही कल्पना वापरली आणि काळ्याकडून डाव जिंकला. विचार साधा आहे. क्वीन्स गॅम्बिटमध्ये (डी४ डी५ नंतर सी४ ही सुरुवात) काळ्याला जागा कमी असते. दोन खोल्यांच्या घरात आठ पाहुणे उतरले की कसं होतं, तसं. अशा वेळी दोन पाहुण्यांना निरोप दिला की बाकीच्यांना पाय पसरता येतात. घोडा ई४ वर टाकला की एच४ वरच्या उंटाची ई७ वर मारामारी ठरलेली, आणि पाठोपाठ सी३ वरच्या घोड्याचीही. दोन जोड्या पटावरून जातात, आणि काळ्याचा वजीर आयता ई७ वर येऊन बसतो, तिथून तो सी५ आणि ई५ या दोन्ही खेळींना आधार देतो.

एच६ चं महत्त्व पुष्कळ जण विसरतात. पुढे पांढऱ्याचा वजीर सी२ वर आणि उंट डी३ वर आला तर एच७ वरचं प्यादं पडायला मोकळं नसतं, कारण ते तिथे नसतंच. पुढे कधीतरी हा एक टेम्पो, म्हणजे वाचलेली एक खेळी, कामी येतो.

८.उ×ई७ व×ई७ ९.ह-सी१ सी६ १०.उ-ई२ घ×सी३ ११.ह×सी३ डी×सी४ १२.उ×सी४ घ-डी७

इथे जरा थांबा. काळ्याने सी४ वर कधी मारलं बघा. पांढऱ्याचा उंट ई२ वर गेल्यावर. आधी मारलं असतं तर तो उंट एफ१ वरून थेट सी४ ला आला असता, एका खेळीत. आता त्याला दोन लागल्या. या एका खेळीचा हिशेब क्वीन्स गॅम्बिटमध्ये दोन्ही बाजू डोळ्यांत तेल घालून करत असतात. माझ्या वर्गातली मुलं सी४ वर सहाव्या-सातव्या खेळीलाच मारतात. "मारायचंच आहे तर लवकर मारू" म्हणून. ती खेळी पांढऱ्याला भेट दिल्यासारखी असते.

१३.०-० बी६ १४.उ-डी३ सी५ १५.उ-ई४ ह-बी८ १६.व-सी२ घ-एफ६ १७.डी×सी५ घ×ई४ १८.व×ई४ बी×सी५

या बचावातलं दुखणं म्हणजे सी८ चा उंट. ई६ च्या प्याद्याने तो कोंडलेला असतो. क्वीन्स गॅम्बिट नाकारणारा प्रत्येक जण डावाच्या सुरुवातीला हे कर्ज डोक्यावर घेतो आणि मग फेडत बसतो. आनंद ते बी६ करून, कर्णावरून फेडतोय. टोपालोवने उ-ई४ खेळून तोच कर्ण अडवला, तर आनंदने घोड्याने तो उंटच उडवला. पटावर आता प्रत्येकी वजीर, दोन हत्ती, सहा प्यादी. पांढऱ्याकडे घोडा, काळ्याकडे उंट.

सी५ चं प्यादं एकटं पडलं, ए७ चंही. पुस्तकी डोळ्याने बघितलं तर पांढरा बरा. मी हा डाव पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही वाटलं, आता पांढरा या सी५ वर जन्मभर बसणार. पण काळ्याकडे अर्धी मोकळी बी फाइल आणि पूर्ण मोकळी डी फाइल आहे, आणि उंटासमोर लांब कर्ण. कमजोर प्यादं म्हणजे वाईट डाव हे समीकरण पंधराशेच्या पातळीला फार पक्कं बसलेलं असतं. कमजोर प्याद्याच्या बदल्यात काय मिळालं, ते बघायचं राहून जातं.

१९.व-सी२ उ-बी७ २०.घ-डी२

२०.ह×सी५ का नाही? कारण उ×एफ३ २१.जी×एफ३ ह×बी२. वजिराने हत्ती मारला तर काळ्याचा वजीर सी५ चा हत्ती मारतो. प्यादं परत मिळतं आणि पांढऱ्या राजासमोरची भिंत फुटलेली राहते. म्हणून घोडा मागे.

२०...ह(एफ)-डी८ २१.एफ३ उ-ए६ २२.ह-एफ२ ह-डी७ २३.जी३ ह(बी)-डी८ २४.रा-जी२ उ-डी३ २५.व-सी१ उ-ए६ २६.ह-ए३ उ-बी७ २७.घ-बी३ ह-सी७ २८.घ-ए५ उ-ए८

या आठ खेळी मी वर्गात सगळ्यात हळू दाखवतो. वरवर बघितलं तर काही घडत नाही. उंट बी७ वरून ए६ ला, तिथून डी३, परत ए६, परत बी७, आणि शेवटी कोपऱ्यात ए८. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, हा उंट हरवलाय का?"

हरवलेला नाही. दर वेळी तो समोरच्याला एक प्रश्न विचारतो आणि उत्तर म्हणून पांढऱ्याचं काहीतरी जागेवरून हलतं. एफ३ झालं, जी३ झालं, राजा जी२ वर आला. म्हणजे ए८ ते एच१ या कर्णावर पांढऱ्याने आपला राजा स्वतः आणून बसवला. त्या उंटाला हाकलण्यासाठी हत्ती ए३ ला गेला, जिथून राजाच्या मदतीला यायला त्याला वेळ लागणार. घोडा ए५ ला जाऊन आला. या सगळ्यात आनंदने धोका कुठे पत्करला? कुठेच नाही. एक हत्ती डी फाइलवर, दुसरा सी७ वर, वजीर ई७ वर, सी५ ला आधार, राजासमोरच्या तीन प्याद्यांपैकी फक्त एच६ पुढे गेलेलं. भक्कम म्हणजे हे. मोहरी कामाला लागलेली, पण शत्रूच्या हाताला लागेल असं काही नाही.

आणि टोपालोवला बरोबरी नको होती.

२९.घ-सी४ ई५ ३०.ई४ एफ५

पांढऱ्याने ई४ करून कर्णावर दार लावलं. योग्यच. आनंदने लगेच त्या दारावर धक्का मारला. आता दार धरून ठेवायचं की उघडायचं?

३१.ई×एफ५?

माझ्या मते इथे ३१.घ-डी२ खेळून गप्प बसायला हवं होतं. घोडा ई४ आणि एफ३ दोन्हींना आधार देतो, आणि सामना बहुधा टाय-ब्रेककडे जातो. पण गप्प बसणं म्हणजे बरोबरी, आणि तीच त्याला टाळायची होती. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंमधला एक माणूस, स्वतःच्या देशात, इतक्या मोठ्या सामन्याच्या शेवटच्या डावात ही खेळी का करतो, याचं उत्तर पटावर मिळत नाही, गुणफलकावर मिळतं.

३१...ई४!

प्यादं पुढे, सरळ तोंडात. टोपालोवने तेही घेतलं:

३२.एफ×ई४? व×ई४+

झालं. जो उंट आठ खेळी पटाच्या एका टोकाला येरझाऱ्या घालत होता, तो आता वजिराच्या मागे तोफ होऊन उभा आहे. राजा जी१ ला गेला तर व-एच१ वर मात, कारण ए८ चा उंट एच१ पर्यंत पोचतो. पटावर करून बघा, मुलांना ही मात दाखवली की वर्ग एकदम जागा होतो.

३३.रा-एच३ ह-डी४ ३४.घ-ई३ व-ई८!

या डावातली माझी आवडती खेळी ही. हल्ला चालू असताना वजीर आपल्या पहिल्या रांगेत परत नेणं आपल्यासारख्यांना सुचत नाही. हल्ला म्हणजे पुढे जाणं, असं डोक्यात असतं. पण ई८ वरून एफ७, जी६, एच५ असा कर्ण आहे आणि एच५ वर शह आहे. शिवाय ए८ ते एच१ हा कर्ण उंटासाठी पूर्ण मोकळा झाला. एका पाऊल मागच्या खेळीत दोन कामं.

३५.जी४ एच५ ३६.रा-एच४ जी५+ ३७.एफ×जी६ व×जी६ ३८.व-एफ१ ह×जी४+ ३९.रा-एच३ ह-ई७

पांढरा राजा एच४ पर्यंत चालत आला! तिसाव्या खेळीपर्यंत अगदी सुरक्षित वाटणारा राजा. ३७ वी खेळी जाता जाता प्यादं मारण्याची आहे. शाळेतल्या मुलांना हा नियम कुठे कामाला येतो हे विचारलं की मी हीच खेळी सांगतो.

४०.ह-एफ८+ रा-जी७ ४१.घ-एफ५+ रा-एच७ ४२.ह-जी३ ह×जी३+ ४३.एच×जी३ व-जी४+ ४४.रा-एच२ ह-ई२+ ४५.रा-जी१ ह-जी२+ ४६.व×जी२ उ×जी२ ४७.रा×जी२ व-ई२+

ए८ चा उंट शेवटी जी२ वर जाऊन पांढऱ्याचा वजीर घेतो आणि स्वतः मरतो. सी८ वर कोंडलेलं ते मोहरं. वजीर विरुद्ध हत्ती-घोडा असा शेवट उरला, तो आनंदने थंड डोक्याने संपवला. छप्पन्नाव्या खेळीनंतर टोपालोवने डाव सोडला. साडेसहा-साडेपाच.

आता तुमच्याकडे येतो.

पहिली गोष्ट, हा बचाव प्रत्येक डी४ वर बसत नाही. पांढऱ्याचा उंट जी५ किंवा एच४ वर असेल आणि तुमचा ई७ वर, तरच घ-ई४ ला अर्थ आहे. उंट एफ४ ला गेला तर वेगळा अभ्यास. लवकर सी×डी५ झालं तर वेगळा. ६.उ×एफ६ केलं तर मारामारी आधीच झाली, लास्कर संपला.

दुसरी, सापळा. ७...घ-ई४ ८.उ×ई७ व×ई७ ९.सी×डी५. इथे हात आपोआप ई×डी५ कडे जातो. ते करू नका: १०.घ×डी५, प्यादं गेलं आणि वजिरावरही मार. आधी ९...घ×सी३ १०.बी×सी३ आणि मगच ई×डी५. पुढे ११.व-बी३ आला तर ११...ह-डी८, आणि १२.सी४ डी×सी४ १३.उ×सी४ घ-सी६ असं खेळून काळा ठीक आहे. क्लबच्या पातळीला पांढऱ्याकडून हीच लाइन सगळ्यात जास्त येते, तेव्हा ही पाठच हवी.

तिसरी, जी मला फार महाग पडली. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी एका रेटिंग स्पर्धेत मी हाच बचाव खेळलो. दोन जोड्या गेल्या, मग हौसेने एक हत्तीची जोडीही घालवली, आणि मनात म्हटलं, आता कोण हरवणार. सी८ चा उंट तिथेच. सी५ केलं नाही, ई५ केलं नाही. समोरचा पोरगा माझ्यापेक्षा दोनशेने खाली होता, त्याने शांतपणे ई४, एफ४, ई५ केलं आणि माझा उंट डाव संपेपर्यंत स्वतःच्याच प्याद्यांच्या आड बसून राहिला. एका मोहऱ्याने कमी खेळत होतो मी. घरी येताना एसटीत पूर्ण वेळ तो उंट डोळ्यासमोर. या बचावात दोन जोड्या घालवल्या की पुढचं काम एकच: सी५ किंवा ई५ यांपैकी एक फोड करायची आणि उंटाला रस्ता द्यायचा. ते होईपर्यंत तिसरी मारामारी नको.

आणि तुमच्या मूळ प्रश्नातली बरोबरीची गोष्ट. भक्कम बचावाने बरोबरीच मिळते ही समजूत मुळात अशी तयार होते: क्रॅमनिकने २००० साली लंडनला कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव खेळून त्याला थोपवलं, पूर्ण सामन्यात एकही डाव हरला नाही, पण बर्लिनचे सगळे डाव बरोबरीत. ते खरंच आहे. मात्र तिथे क्रॅमनिकला पांढऱ्याकडून जिंकायचं होतं आणि काळ्याकडून थोपवायचं होतं, आणि कास्पारोव्ह स्वतःहून दार उघडणारा गडी नव्हता. तुमच्या स्पर्धेत समोर बसलेला माणूस टोपालोवसारखाच असतो, फक्त हजार रेटिंगने खाली. त्याला वाटतं, पांढरं आहे, जिंकलंच पाहिजे. तिसाव्या खेळीपर्यंत काही घडलं नाही की तो घड्याळाकडे बघायला लागतो, शेजारच्या पटावर डोकावतो, आणि एखादं प्यादं उगाच पुढे ढकलतो. तेव्हा तुमचा उंट कर्णावर असायला हवा.

घरी असं करा. पट मांडून ३०...एफ५ पर्यंत या. काळ्या बाजूला कुणाला तरी बसवा, नाहीतर इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम) लावा, आणि तुम्ही पांढऱ्याकडून खेळा. घ-डी२ खेळून गप्प बसून बघा किती जड जातं ते. पाच-सहा वेळा झालं की बाजू बदला. मग इंजिन बंद करून सुरुवातीपासूनच्या खेळी पुन्हा मांडा, आणि प्रत्येक काळ्या खेळीनंतर उंट कुठे आहे ते वहीत लिहून ठेवा. सी८, सी८, सी८... एकोणिसाव्यापर्यंत हेच येईल.